एसएससी सीजीएलचं इंग्रजी: मराठी माध्यमातल्या उमेदवारांचे नेहमीचे प्रश्न

केंद्र सरकारच्या कर्मचारी निवड आयोगाची (एसएससी) पदवीधरांसाठीची सीजीएल परीक्षा देणाऱ्या मराठी मुलामुलींकडून इंग्रजीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. परीक्षेच्या रचनेचे आकडे 2022 पासून लागू झालेल्या पद्धतीचे आहेत. तरी अर्ज भरताना त्या वर्षाची जाहिरात स्वतः उघडून वाचा. मित्राने फॉरवर्ड केलेल्या फोटोवर विसंबू नका.

सीजीएलमध्ये इंग्रजीला नेमकं किती महत्त्व आहे?

बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त. परीक्षा टियर 1 आणि टियर 2 अशा दोन टप्प्यांत होते. टियर 1 मध्ये 100 प्रश्न आणि 200 गुण असतात. त्यात इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 गुण. म्हणजे चारपैकी एक विषय, एवढंच वाटतं. पण टियर 1 फक्त पुढच्या टप्प्यात जाण्यासाठी आहे. अंतिम यादी लागते ती टियर 2 च्या गुणांवर, आणि तिथे गणित 30 प्रश्नांचं 90 गुणांना, बुद्धिमत्ता 30 प्रश्नांची 90 गुणांना, सामान्य ज्ञान 25 प्रश्नांचं 75 गुणांना आणि इंग्रजी 45 प्रश्नांचं 135 गुणांना असतं. एकूण 390 पैकी 135. एक तृतीयांशाहून जास्त गुण एकट्या इंग्रजीचे. संगणकाचे 20 प्रश्न आणि टायपिंगची चाचणी पात्रतेपुरती असते, ती या बेरजेत येत नाही.

हे आकडे समोर असूनही आपल्याकडच्या अभ्यासिकांमध्ये वेळापत्रक उलटं दिसतं. सकाळचे ताजे तास गणिताला आणि रात्री डोळे मिटायला लागले की इंग्रजी. मला हे मनापासून खटकतं. गणितात शेवटचे दहा गुण वाढवायला जितके कष्ट पडतात, तितक्यात इंग्रजीत कितीतरी जास्त गुण वाढू शकतात, कारण तिथे आपली सुरुवातच खालून असते.

ही परीक्षा मराठीतून देता येते का?

सीजीएल नाही. प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत असते. आयोगाच्याच एमटीएस (दहावी पातळीची) आणि सीएचएसएल (बारावी पातळीची) या परीक्षा मराठीसह 13 प्रादेशिक भाषांमधून घेण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला, पण त्यांतही इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच सोडवावा लागतो.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजी बोलता येत नाही. मला जमेल का?

बोलता येणं इथे तपासलंच जात नाही. लिहिणंही नाही. पूर्वी टियर 3 मध्ये 100 गुणांचा वर्णनात्मक पेपर होता, निबंध-पत्र लिहावं लागायचं. तो 2022 च्या परीक्षेपासून काढून टाकला. आता चार पर्यायांपैकी बरोबर कोणता, हे ओळखायचं असतं. फाडफाड बोलणाऱ्या मुलालाही बऱ्याचदा चुकीचं वाक्य कानाला बरोबर वाटतं आणि तो फसतो. तुम्ही वाक्य तपासायला शिकलात की त्याच्या पुढे जाऊ शकता.

महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाने निदान दहा-बारा वर्षं हा विषय शिकलेला असतो. कमी पडतं ते वाचन. पाठ्यपुस्तकाबाहेरचं एक पानही इंग्रजीत न वाचता पदवी मिळते, ही खरी अडचण आहे आणि तिच्यावर इलाज आहे.

सुरुवात कुठून करू?

पुस्तक विकत घेण्याआधी टियर 1 च्या कुठल्याही एका जुन्या शिफ्टचे, म्हणजे एका सत्रातल्या पेपरचे, इंग्रजीचे 25 प्रश्न घड्याळ न लावता सोडवा. मग चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा: नियम माहीत नव्हता, शब्द माहीत नव्हता, की वाक्य नीट वाचलंच नाही. अशा तीन-चार शिफ्ट झाल्या की तुमची दुखरी जागा कागदावर दिसते. कुणाचं व्याकरण पक्कं असतं पण शब्द नसतात, कुणाचं उलट. दोघांनी एकच वेळापत्रक पाळणं म्हणजे दोघांचाही वेळ वाया घालवणं.

ज्यांना 25 पैकी सात-आठच बरोबर येतात त्यांनी थेट मोठ्या ग्रंथाला हात घालू नये. बालभारतीची आठवी ते दहावीची इंग्रजीची पुस्तकं काढा, प्रत्येक धडा मोठ्याने वाचा, अडलेले शब्द त्या वाक्यासकट वहीत उतरवा. पदवीधर असून दहावीचं पुस्तक उघडण्यात लाज कसली? पाया तिथेच राहिलेला असतो.

व्याकरणाचे कोणते भाग आपल्या मुलांना सर्वांत जास्त नडतात?

या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण गुण इथेच गळतात. आपण मनात मराठी वाक्य तयार करतो आणि ते तसंच इंग्रजीत उतरवतो. प्रश्न काढणारे नेमक्या त्याच जागेवर बोट ठेवतात.

पहिली जागा विभक्तीची. ‘विषयावर चर्चा केली’ म्हणून आपण ‘डिस्कस्ड ऑन द मॅटर’ म्हणतो. ‘डिस्कस’नंतर काहीच लागत नाही. ‘खोलीत शिरला’ म्हणून ‘एंटर्ड इन द रूम’, ‘त्याच्यावर हल्ला केला’ म्हणून ‘अटॅक्ड ऑन हिम’. दोन्हीकडे मधला शब्द काढायचा. ‘गणितात हुशार’ म्हणून ‘गुड इन मॅथ्स’ बरोबर वाटतं, हवं ‘गुड ॲट’. ‘राजूशी लग्न झालं’ म्हणून ‘मॅरीड विथ’, हवं ‘मॅरीड टू’. मराठीत तुलना आली की ‘पेक्षा’ येतो, त्यामुळे ‘सीनियर दॅन’, ‘सुपिरियर दॅन’ आपल्या कानाला खटकत नाही. सीनियर, ज्युनियर, सुपिरियर, इन्फिरियर आणि प्रिफर यांच्यापुढे ‘टू’ येतो.

दुसरी जागा अनेकवचनाची. आपण ‘केस पांढरे झाले’, ‘बातम्या आल्या’, ‘खूप सल्ले दिले’ असं सहज म्हणतो. इंग्रजीत डोक्यावरच्या केसांसाठी ‘हेअर’ एकवचनी, ‘न्यूज’च्या शेवटी एस असूनही एकवचनी, आणि ‘ॲडव्हाइस’ला एस लागतच नाही. फर्निचर, लगेज, इक्विपमेंट, सीनरी, इन्फर्मेशन हे त्याच पंगतीतले. चुकीचा भाग शोधायच्या प्रश्नात यांपैकी एखादा शब्द दिसला की आधी तिथे पाहा.

तिसरी जागा कर्ता आणि क्रियापदाच्या जोडीची. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्हज इन नाशिक’ यात ‘फ्रेंड्स’ अनेकवचनी आणि ‘लिव्हज’ एकवचनी. ‘ॲज वेल ॲज’ आलं की क्रियापद पहिल्या कर्त्याप्रमाणे; ‘नाइदर-नॉर’ आलं की जवळच्या कर्त्याप्रमाणे. ‘अ नंबर ऑफ’बरोबर अनेकवचन, ‘द नंबर ऑफ’बरोबर एकवचन. लांब वाक्यात कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये आठ-दहा शब्द घुसवलेले असतात, ते कंसात टाका आणि दोन टोकं जोडून वाचा.

मग ठरलेल्या जोड्या: ‘नो सूनर’बरोबर ‘दॅन’, ‘हार्डली’ आणि ‘स्कार्सली’बरोबर ‘व्हेन’, ‘लेस्ट’बरोबर ‘शुड’. या पाठच करायच्या.

काळ आणि डायरेक्ट-इनडायरेक्टमध्ये इतका गोंधळ का होतो?

कारण मराठीची चाल वेगळी आहे. ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतो’ हे मराठीत साध्या वर्तमानकाळात भागतं. म्हणून हात आपोआप ‘आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ लिहितो, आणि एका वाक्यात दोन चुका होतात. बरोबर वाक्य: ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’, कधीपासून ते सांगायचं तर ‘सिन्स’: ‘सिन्स 2019’, ‘सिन्स मंडे’. याच्या उलट, ‘यस्टरडे’ किंवा ‘लास्ट इयर’सारखी भूतकाळातली ठरलेली वेळ वाक्यात असेल तर ‘हॅव’ चालत नाही, साधा भूतकाळच हवा.

बोलणं सांगतानाही तसंच. मराठीत ‘तो म्हणाला की मी येतोय’ हे अगदी शुद्ध वाक्य आहे. बोलणाऱ्याचा काळ आणि त्याचं ‘मी’ आपण जसंच्या तसं ठेवतो. इंग्रजीत तसं ठेवलं तर अर्थच बदलतो. ‘ही सेड दॅट ही वॉज कमिंग’: इथे काळ एक पायरी मागे गेला आणि सर्वनाम फिरलं. ‘नाउ’चं ‘देन’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’, ‘धिस’चं ‘दॅट’ होतं. प्रश्न सांगायचा असेल तर शब्दांचा क्रम साध्या वाक्यासारखा: ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड’. त्रिकालाबाधित सत्याचा काळ मात्र बदलत नाही. पर्याय तपासताना सर्वनाम, काळ, वेळदर्शक शब्द या क्रमाने काट मारत गेलात तर अनेकदा पूर्ण वाक्य वाचायच्या आधीच दोन पर्याय गळतात.

ए, ॲन आणि द कधी वापरायचं ते डोक्यात राहत नाही.

मराठीत हा प्रकारच नाही, त्यामुळे कानाची मदत मिळत नाही. ए की ॲन, हे अक्षरावर नाही तर उच्चारावर ठरतं: ‘ॲन अवर’, ‘ॲन ऑनेस्ट मॅन’, ‘ॲन एमएलए’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ युरोपियन’, ‘अ वन-रुपी नोट’. ‘द’साठी स्वतःला एकच विचारा: कोणतं, हे ऐकणाऱ्याला कळलंय का? कळलं असेल तर बहुधा ‘द’. नद्या, समुद्र, पर्वतरांगा यांना ‘द’ लागतो. एकट्या शिखराला नाही. ‘द सह्याद्री’ असं लिहिलं जातं, पण ‘द कळसूबाई’ नाही. बाकीचं वाचनातूनच मुरतं.

रोज किती शब्द पाठ करू?

आकडा ठरवून सुटे शब्द घोकण्यावर माझा विश्वास नाही. सकाळी केलेले पन्नास शब्द पुढच्या आठवड्यात पाच उरतात. त्यापेक्षा जुन्या प्रश्नपत्रिकांमधून शब्द घ्या. समानार्थी शब्दाच्या एका प्रश्नात विचारलेला शब्द आणि चार पर्याय मिळून पाच शब्द मिळतात. या पाचांचे अर्थ बघायची सवय लावा, कारण आज पर्यायात असलेला शब्द दुसऱ्या शिफ्टला प्रश्नात येतो.

अनेक शब्दांसाठी एक शब्द, हा प्रकार शब्दांची कुटुंबं करून शिकावा. ‘साइड’ शेवटी आला की मारणं: होमिसाइड, फ्रॅट्रिसाइड, रेजिसाइड. ‘क्रसी’ आला की राज्यपद्धती: ऑटोक्रसी म्हणजे एकाची सत्ता, प्लुटोक्रसी म्हणजे श्रीमंतांची, थिओक्रसी म्हणजे धर्मसत्ता. ‘ऑम्नि’ म्हणजे सर्व: ऑम्निपोटंट सर्वशक्तिमान, ऑम्निशंट सर्वज्ञ, ऑम्निप्रेझंट सर्वव्यापी. संस्कृतातून आलेले ‘सर्वज्ञ’सारखे शब्द आपल्या बोलण्यात असल्यामुळे हे चटकन बसतात.

वाक्प्रचारांत तर आपल्याकडे मोठा ठेवा आहे. ‘ॲड फ्युएल टू द फायर’ म्हणजे आगीत तेल ओतणं, ‘क्रोकोडाइल टीअर्स’ म्हणजे नक्राश्रू, ‘अ ड्रॉप इन द ओशन’ म्हणजे दर्यामें खसखस, ‘बिल्ड कासल्स इन द एअर’ म्हणजे मनोरे रचणं. वहीत इंग्रजी वाक्प्रचारापुढे कोरडा अर्थ न लिहिता आपला वाक्प्रचार लिहा, तो विसरत नाही. जिथे जोड सापडत नाही, उदाहरणार्थ ‘बरी द हॅचेट’ म्हणजे वैर मिटवणं, तिथे एक वाक्य तयार करून लिहा.

उजळणी पहिल्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी. या वहीखेरीज दुसरी वही करू नका.

स्पेलिंगचे प्रश्न कसे पक्के करायचे?

लिहून. मोबाइलवर बघून स्पेलिंग बसत नाही. विचारले जाणारे शब्द मर्यादित आहेत: ‘ॲकोमोडेशन’मध्ये दोन सी आणि दोन एम, ‘ऑकरन्स’मध्ये दोन सी आणि दोन आर, ‘एम्बॅरस’मध्ये दोन आर आणि दोन एस, पण ‘हरॅस’मध्ये एकच आर. ‘सेपरेट’मध्ये पीनंतर ए, ‘मेंटेनन्स’मध्ये टीनंतर ई, ‘प्रिव्हिलेज’मध्ये डी नाही. आपला उच्चार स्पेलिंगला साथ देत नाही, म्हणून नडणारं अक्षर लाल शाईने लिहा.

वाचायला काय घेऊ? इंग्रजी पेपरचा अग्रलेख डोक्यावरून जातो.

मग अग्रलेखापासून सुरू करूच नका. द हिंदू किंवा इंडियन एक्स्प्रेसचा अग्रलेख हा शेवटचा टप्पा आहे. आधी त्याच पेपरांतल्या शहराच्या किंवा खेळाच्या बातम्या वाचा. प्रसंग ओळखीचा असतो, वाक्यं सरळ असतात.

त्याहून चांगला आणि फुकट मार्ग म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं संकेतस्थळ. मंत्रिमंडळाचे निर्णय, योजना, पुरस्कार यांची अनेक पत्रकं तिथे इंग्रजीत आणि मराठीतही मिळतात. आधी मराठी वाचा, मग तेच इंग्रजीत. विषय कळलेला असल्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे राहतं, सामान्य ज्ञानाची तयारीही होते. शिवाय ती कार्यालयीन इंग्रजी आहे. असिस्टंट सेक्शन ऑफिसर किंवा आयकर निरीक्षक झालात तर फाइलवर तुम्हाला तीच लिहायची आहे.

रोज वीस मिनिटं. वाचताना प्रत्येक शब्दाला थांबू नका. परिच्छेद संपवा, तो काय म्हणाला ते मनात मराठीत सांगा, मगच शब्दकोश उघडा. नियम शंभर पाठ असले तरी वाचन नसेल तर ते परीक्षेच्या वेगात आठवत नाहीत. याबद्दल माझं मत पक्कं आहे.

उतारा आधी वाचायचा की प्रश्न?

प्रश्नांवर आधी एक नजर, पर्यायांवर नाही. मग उतारा सलग. उत्तर उताऱ्यात असलं पाहिजे. तुम्हाला बाहेरून माहीत असलेली गोष्ट खरी असली तरी ती उत्तर नसते. हवामानबदलाच्या उताऱ्यात हुशार मुलं इथेच चुकतात. अभ्यासक्रमानुसार एखादा उतारा गोष्टीवर किंवा पुस्तकावर आधारलेला, सोपा असतो आणि दुसरा चालू घडामोडींवरचा. सोपा आधी घ्या.

गाळलेल्या जागांच्या उताऱ्यातही पूर्ण परिच्छेद एकदा वाचल्याशिवाय पहिली जागा भरू नका. पहिल्या जागेचा सुगावा बऱ्याचदा तिसऱ्या वाक्यात असतो.

वाक्यं क्रमाने लावायचे प्रश्न?

पहिलं वाक्य शोधण्यापेक्षा जोडी शोधा. ‘ही’, ‘धिस’, ‘सच’, ‘हाउएव्हर’ने सुरू होणारं वाक्य सहसा पहिलं नसतं, त्याच्या आधी कुणाचं तरी नाव आलेलं असतं. अशी एक पक्की जोडी सापडली की पर्यायांत ती कुठे सलग आली आहे ते बघा.

उत्तर येत नसेल तर अंदाजाने टिक करू का?

हिशोब करून ठरवा. टियर 2 मध्ये बरोबर उत्तराला 3 गुण, चुकीला 1 गुण वजा. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर सरासरीने हाती शून्य येतं: चारदा टिक केलं, एक बरोबर, तीन चूक, 3 वजा 3. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी एक तृतीयांश गुण मिळतो, दोन बाद करता आले तर पूर्ण एक गुण. म्हणून एक तरी पर्याय उडाला तर टिक करा, नाहीतर सोडा. टियर 1 मध्ये 2 गुण आणि चुकीला 0.50 वजा, तिथे आंधळ्या अंदाजातही किंचित फायदा दिसतो, पण इतका किरकोळ की त्यासाठी वेळ घालवू नये.

बाद करणं खात्रीचं असावं, ‘हा नसावा’ असं वाटणं पुरेसं नाही.

वेळ कसा वाटायचा?

टियर 2 च्या दुसऱ्या विभागात इंग्रजीचे 45 आणि सामान्य ज्ञानाचे 25 प्रश्न मिळून एक तास असतो. सामान्य ज्ञानाचं उत्तर येतं किंवा येत नाही, विचार करून सापडत नाही. त्याला दहा-बारा मिनिटं पुरतात. उरलेल्या वेळात शब्द, स्पेलिंग, वाक्प्रचार आधी, व्याकरण नंतर, उतारे शेवटी, पण त्यांच्यासाठी पंधरा मिनिटं राखून.

जुन्या प्रश्नपत्रिका किती सोडवाव्यात?

जितक्या हाती लागतील तितक्या, पण प्रत्येक चुकीचं कारण लिहूनच. 2022 च्या आधी टियर 2 ला इंग्रजीचा स्वतंत्र पेपर होता: 200 प्रश्न, 200 गुण, दोन तास. पद्धत गेली तरी ते पेपर फार उपयोगाचे आहेत, कारण एकेका पेपरात प्रत्येक प्रकारचे ढीगभर प्रश्न मिळतात. टेस्ट सिरीज विकत घेण्याआधी हे संपवा. खासगी मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षांमध्ये, इंग्रजी पुष्कळदा उगाच अवघड केलेलं असतं, त्यातले गुण बघून हातपाय गाळू नका.

क्लाससाठी पुण्याला जावं का?

निव्वळ इंग्रजीसाठी नाही. खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिका यांचा खर्च घरच्यांच्या खिशातून जातो आणि वाचन शेवटी तुम्हालाच करायचं असतं. गावात शांत जागा आणि इंटरनेट असेल तर तिथेच तयारी होते. सोबत एक अभ्यासू मित्र किंवा मैत्रीण शोधा. चुकलेला प्रश्न एकमेकांना समजावून सांगितला की तो परत चुकत नाही.

हीच तयारी बँकेच्या आणि राज्याच्या परीक्षांना चालेल?

पाया तोच. बँकेच्या परीक्षेत उतारे आणि वेग यांवर भर जास्त, वाक्प्रचार आणि स्पेलिंगवर कमी. सरळसेवेत, उदाहरणार्थ 2023 च्या तलाठी भरतीत, इंग्रजीचे 25 प्रश्न 50 गुणांना होते आणि चुकीला गुण वजा नव्हते, त्यामुळे तिथे एकही प्रश्न सोडायचं कारण नव्हतं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतला 300 गुणांचा इंग्रजीचा पेपर मात्र लिहिण्याचा असतो. तो 25 टक्क्यांनी उत्तीर्ण व्हावा लागतो, पण त्याला निबंध आणि सारांशाचा वेगळा सराव हवा.

परीक्षेनंतर एखादं उत्तर चुकीचं धरलंय असं वाटलं तर?

आयोग तात्पुरती उत्तरतालिका आणि तुम्ही दिलेली उत्तरं लॉगिनमध्ये दाखवतो. प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरून ठरलेल्या मुदतीत हरकत घेता येते. इंग्रजीत हरकत घेताना प्रमाण शब्दकोशातली नोंद किंवा व्याकरणाचा नियम नेमका लिहा. मुदत काही दिवसांचीच असते, म्हणून उत्तरतालिका लागली त्याच दिवशी ती डाउनलोड करून ठेवा, लॉगिन नंतर बंद होतं.